डा म्हणजे पाणी : शिक्षण सेवक म्हणून माझं पहिलं वर्ष

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर निवड यादी लागली, तेव्हा मी गावात शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेत होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं, लातूर जिल्हा. मैत्रिणीचा फोन आला, "लॉगिन कर, यादी लागलीय." साइट उघडता उघडेना. रात्री साडेअकराला उघडली. नावापुढे होतं, जिल्हा परिषद अमरावती. बाबांना उठवलं. ते अंथरुणातच उठून बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अमरावती म्हंजे किती लांब गं?"

लांबच होतं. पण तिथवर पोचायलाच सहा वर्षं गेली होती. डी.एल.एड., म्हणजे शिक्षक होण्यासाठीची पदविका, झाली २०१८ ला. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झाले नोव्हेंबर २०२१ ला. बाहेरच्या लोकांना वाटतं, टीईटी झाली की नोकरी. तसं नाही, ती नुसती पात्रता. त्यापुढे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला आम्ही सगळे टेट म्हणतो. दोनशे प्रश्न, दोनशे मार्क, दोन तास. भरतीचं मेरिट त्या मार्कांवर. ही टेट पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ ला आणि दुसऱ्यांदा थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ ला. मधल्या पाच वर्षांत आमच्या बॅचमधल्या किती जणांनी वाट सोडली ते मोजत बसले तर रडू येतं. आमच्या वर्गात सगळ्यात सुंदर पाठ घेणारी मुलगी आज कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते.

जे आता या रांगेत आहेत त्यांना अनुभवाचं एक सांगते. पोर्टलवर जिल्ह्यांचा प्राधान्यक्रम लॉक करताना घराजवळचे दोन-तीन जिल्हे टाकून थांबू नका. मी सगळं महाराष्ट्र टाकलं होतं. आईला ते सांगितलं नव्हतं.

कागदपत्रांच्या पडताळणीला चार झेरॉक्स संच नेले होते, चारही लागले. जिल्हा शल्यचिकित्सकांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, हमीपत्र. त्यानंतर शाळा मिळण्यासाठी समुपदेशन. पडद्यावर रिक्त शाळांची यादी आणि मेरिटप्रमाणे एकेकाचं नाव. माझं नाव येईपर्यंत सडकेवरच्या शाळा संपत आल्या होत्या. उरल्या त्यांतल्या बहुतेक धारणी नाहीतर चिखलदरा तालुक्यातल्या. म्हणजे मेळघाट. मेळघाटाबद्दल मला तेव्हा दोनच गोष्टी माहीत होत्या, वाघ आणि कुपोषण. शेजारी बसलेला मुलगा हळूच म्हणाला, "ताई, ज्या गावाला एस.टी. जाते ते बघा." मी ते बघितलं आणि बोट ठेवलं. एवढ्या वर्षांच्या वाटेचा शेवटचा निर्णय दीड मिनिटात झाला.

दादा पोचवायला आला होता. अमरावतीहून परतवाडा, मग घाट, सेमाडोह, हरिसाल, धारणी. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट, म्हणून माझं अर्धं आणि त्याचं पूर्ण. सेमाडोहच्या पुढे मोबाइलची रेंज गेली तसा तो गप्पच झाला. धारणीत उतरल्यावर चहा पिताना म्हणाला, "इथं तर सगळे हिंदी बोलायलेत." खरंच. बाजारातली भाषा हिंदी, बऱ्हाणपूर-खंडवा जवळ आहे. मला वाटलं, ठीक आहे, हिंदी येते मला. हिंदी बाजाराची होती. घराची भाषा कोणती, हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

पहिली ते चौथी शाळा, पट एक्केचाळीस, द्विशिक्षकी. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्यातलं प्रमाण आम्ही पाठ केलेलं. त्याचा अर्थ तिथं कळला. सरांकडे तिसरी, चौथी आणि मुख्याध्यापकाचा प्रभार, माझ्याकडे पहिली, दुसरी. रुजू अहवाल लिहून दिला तेव्हा सत्र संपत आलं होतं. उरलेल्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामाच असायचा, मुलं पहाटेच मोहफुलं वेचायला घरच्यांबरोबर जायची. खरी सुरुवात झाली १ जुलै २०२४ ला. बाकी राज्यात शाळा जूनच्या मध्याला उघडल्या, विदर्भात उन्हामुळे जुलैला.

त्या दिवशी मी आदल्या रात्री जागून केलेले मुखवटे घेऊन गेले होते. पाऊस कोसळत होता. पहिलीची अकरा मुलं भिंतीला पाठ लावून ओळीनं बसलेली. मी हसून एकीजवळ बसले, विचारलं, "तुझं नाव काय?" ती बघत राहिली. "बाळा, नाव सांग ना." तिनं मान खाली घातली. हिंदीत विचारलं, तरी तेच. अकराच्या अकरा मुलं तशीच. ती घाबरली नव्हती, रुसलीही नव्हती. माझ्या तोंडातून जे येत होतं ते त्यांच्यासाठी शब्दच नव्हते.

तासाभरानं तीच मुलगी उठून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "डा." मला वाटलं दादाला बोलावतेय. दुसरीच्या वर्गात तिचा भाऊ आहे का ते मी बघायला लागले. ती पुन्हा म्हणाली, "डा." मग तिसऱ्यांदा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारातून बघत होत्या. त्या आत आल्या, माठातून ग्लास भरून तिच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, "मॅडम, पानी माँग रही है. डा मतलब पानी."

सहा वर्षांच्या मुलीनं शाळेच्या पहिल्या दिवशी तीनदा पाणी मागितलं आणि तिच्या शिक्षिकेला ते कळलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. डी.एल.एड.ला माझे सराव पाठ गाजलेले. पाठ टाचण कसं लिहायचं, उद्दिष्टं कशी मांडायची, फलक लेखन कसं करायचं, शैक्षणिक साहित्य कसं करायचं, सगळं येत होतं. त्या सगळ्याच्या तळाशी एक गृहीत होतं, की समोरच्याला माझं बोलणं कळतं. तेच इथं नव्हतं. रात्री उठून मी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या ओळीत लिहिलं : डा – पाणी.

या मुलांच्या घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली. झारखंडातल्या मुंडारी आणि संथाळीची ती बहीण. मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही, आणि मध्य भारतातल्या गोंडीशीही नाही, कारण गोंडी द्राविडी. हे मी नंतर वाचलं. वाचल्यावर लख्ख उजेड पडला, की या मुलांसाठी मराठी शिकणं म्हणजे बोलीतून प्रमाण भाषेकडे जाणं नव्हेच. माझ्या मराठवाडी 'करायलो-जायलो'वरून पुस्तकातल्या मराठीकडे यायला मला एक पायरी चढावी लागली. यांना मधे पूलच नाही.

माझे पहिले दोन महिने चुकांचे गेले. मी तेच तेच शब्द मोठ्यांदा म्हणायचे, जणू मुलं बहिरी आहेत. मुलं माझ्यामागून सगळं म्हणायची. कविता म्हणायची, वार म्हणायची, एक ते शंभर घडाघडा म्हणायची. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी अभिमानानं सांगितलंही, की माझी पहिली शंभरपर्यंत म्हणते. परत आल्यावर एका मुलाला म्हटलं, "मला सात खडे आणून दे." त्यानं ओंजळ भरून आणली. दुसऱ्याला सांगितलं, त्यानंही ओंजळच. आकडे त्यांच्यासाठी एक गाणं होतं.

वाट दाखवली ती मावशींनी. दुपारी त्या तांदूळ मोजत होत्या. पोषण आहारात पहिली ते पाचवीला मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, हजेरीप्रमाणे रोज माप काढायचं. त्या मापं टाकताना पुटपुटत होत्या : मिया, बारी, अफई, उफून, मोनोई. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी हसून मला दहापर्यंत शिकवलं, दहाला 'गेल'. मी विचारलं, "अकरा को क्या बोलते?" त्या म्हणाल्या, "गेल और मिया. दस और एक."

मी तिथंच थबकले. दहा आणि एक. दहा आणि दोन. आपण मराठीत म्हणतो अकरा, बारा, तेरा, आणि त्यात दहा कुठं लपलाय ते मुलाला दिसतच नाही. पुढे तर एकोणतीस, ज्यात ऐकू येतो तीस आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. मी तेव्हा नुकतीच डी.एल.एड. होऊन बसले होते आणि मीही नाक मुरडलं होतं. मराठी बिघडवायला निघालेत म्हणून. गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीनं तो बदल का केला, ते मला मेळघाटातल्या एका चुलीपुढे, तांदळाच्या मापाशी बसून समजलं.

दुसऱ्या दिवशी मी बांबूच्या काड्या गोळा केल्या. बांबूला तिथं तोटा नाही, मुलांनीच सोलून सारख्या करून दिल्या. दहा-दहाचे गठ्ठे बांधायला सायकलच्या ट्यूबचे कापून रबर केले. वर्गात बसले आणि एक काडी पुढे ठेवून म्हटलं, "मिया." सगळी मुलं एकदम माझ्याकडे बघायला लागली. दुसरी काडी. "बारी." मागून कुणीतरी खुदकन हसलं. तिसरी ठेवली आणि मी मुद्दाम गप्प बसले.

"अफई," ती पाणी मागणारी मुलगी म्हणाली. जुलैपासून तिनं वर्गात स्वतःहून उच्चारलेला हा दुसरा शब्द होता. मग ती पुढे सरकली, माझ्या हातातल्या काड्या घेतल्या आणि स्वतःच एकेक मांडत गेली. उफून, मोनोई, तुरुई. दहा झाल्या तशा तिनं त्या उचलल्या, मुठीत धरल्या, रबर मागायला हात पुढे केला. गठ्ठा बांधून माझ्यासमोर आपटला. "गेल!" मी गठ्ठ्यावर हात ठेवून म्हटलं, "दहा." ती म्हणाली, "दहा." शेजारी एक सुटी काडी ठेवली. "गेल आणि मिया. दहा आणि एक. अकरा." तिनं फळ्यावरच्या ११ कडे पाहिलं, काड्यांकडे पाहिलं, पुन्हा फळ्याकडे पाहिलं. गठ्ठ्यावर बोट ठेवून पहिला एक दाखवला, काडीवर बोट ठेवून दुसरा. मी काही सांगितलं नव्हतं.

दशक-एकक शिकवायला मी तीन आठवडे धरले होते. पाच दिवसांत वर्गातली आठ मुलं गठ्ठे बांधून ४३ दाखवायला लागली. कोरकूत शिकवलं म्हणून ती कोरकूत अडकून पडली नाहीत, उलट मराठी आकडे तेव्हाच पहिल्यांदा त्यांचे झाले. वाचनाचंही तसंच केलं. 'म' मगरीचा नाही, 'मिया'चा. 'ड' 'डा'चा, आणि पुढे माठाचं चित्र.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तिची रुखरुख अजून आहे. दुसरीची मुलं बोलताना "माय आला", "बहीण गेला" असं म्हणायची. मी दर वेळी टोकायचे, वहीत लाल खूण करायचे. त्यांचं तोंड मिटत गेलं ते मला दिसलं नाही. मी ज्यांच्या घरी पुढची खोली घेऊन राहायचे त्या अंगणवाडी सेविका ताई एका संध्याकाळी म्हणाल्या, "मॅडम, आमच्यात तो आला, ती आली असं वेगळं नसतं. जिवंत आहे की नाही, तेवढंच वेगळं." कोरकूच्या व्याकरणात भेद आहे तो सजीव-निर्जीवाचा. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग ही आपली तीन घरं तिथं नाहीत. म्हणजे ती मुलं मराठीत चुकत नव्हती, आपल्या घरच्या नियमानं चोख बोलत होती. मी त्या वह्यांवर खुणा करणं त्या दिवशी बंद केलं. आता मी फक्त त्यांचं वाक्य बरोबर करून परत म्हणते. "हो का, माय आली?" आणि पुढचं बोलू देते.

नोकरीच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. शिक्षण सेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकला महिना १६ हजार. २०२३ च्या आधी ते ६ हजार होतं, तेव्हाच्यांनी कसं काढलं असेल ते तेच जाणोत. मानधन शालार्थ या शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून येतं, त्यासाठी शालार्थ आयडी लागतो. प्रस्ताव, त्रुटी, पुन्हा प्रस्ताव असं होत माझं पहिलं मानधन चार महिन्यांनी आलं, सगळं एकदम. तोवर बाबा पैसे पाठवत होते. सोयाबीनचे भाव पडलेले, आणि मुलगी नोकरीला लागली म्हणून गावात पेढे वाटलेले. नव्यानं रुजू होणाऱ्यानं निदान चार महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवून निघावं, हे मी मनापासून सांगते.

टपाल, म्हणजे कार्यालयाला द्यायचे कागद, आणि ऑनलाइन माहिती यांत किती वेळ जातो ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. आमच्याकडे त्यात रेंजची भर. गावाबाहेरच्या टेकाडावर एका सागाच्या झाडाखाली दोन काड्या रेंज येते. पोषण आहाराची रोजची उपस्थिती तिथं उभं राहून भरायची. पावसात छत्री धरून, एका हातानं. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा प्रशिक्षणं आणि ड्युटी धरून वर्ग किती दिवस सरांच्या एकट्याच्या गळ्यात पडला ते मी मोजलं होतं. आठ. सर काही बोलले नाहीत. सर या भागात चौदा वर्षं आहेत. त्यांना कोरकू उत्तम येते. मी पहिल्या दिवशीच त्यांना का विचारलं नाही, याचं उत्तर एवढंच, की नव्या माणसाला आपल्याला येत नाही हे सांगायची भीती वाटते.

माझं एक ठाम मत झालंय, आणि ते मी शिक्षण परिषदेतही मांडलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय, की शक्य असेल तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं. २०२० चं राष्ट्रीय धोरणही तेच सांगतं. मग मेळघाटात, अक्कलकुव्याला, भामरागडला अशा आदिवासी भागांत नवा शिक्षक पाठवताना त्याला महिनाभर तिथली भाषा का शिकवत नाहीत? मला जे प्रशिक्षण मिळालं त्यात कोरकूचा एकही तास नव्हता. वर्गात उभं राहण्याआधी मला फक्त साठ शब्द आले असते, तरी अकरा मुलांचे दोन महिने वाचले असते. शिकवणारी माणसं गावातच आहेत. खिचडी शिजवणाऱ्या मावशी, अंगणवाडीच्या ताई, चौदा वर्षं राहिलेले सर. त्यांना मानधन देऊन गुरू करावं. याला मोठी योजना लागत नाही.

मार्चमध्ये होळी आली. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण तो, दिवाळीनंतर मजुरीला बाहेर गेलेली घरं होळीला परततात. दोन मुलं आई-वडिलांबरोबर गेलेली, ती परतली. मला धाकधूक होती, की सगळं विसरली असतील. एकानं काड्यांचा डबा स्वतःच काढला. दुसरा बोलेना. त्याच्यापासून पुन्हा सुरुवात केली. मिया, बारी.

या वर्षी जूनच्या शेवटी आमच्याच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेवर एक नवी मुलगी रुजू झाली. सोलापूरकडची. तिनं घाबरत घाबरत फोन केला, "ताई, तुमच्याकडे शब्दांची वही आहे म्हणे." वही आता भरत आली आहे, साडेतीनशेच्या वर शब्द झालेत. मी धारणीत तिची झेरॉक्स काढून ठेवली. शनिवारी ती शाळा सुटायच्या वेळी न्यायला आली. व्हरांड्यात बसून आम्ही पानं चाळत होतो. तिनं एक शब्द वाचला आणि विचारलं, "हे कसं म्हणायचं?" मी म्हणून दाखवलं.

पाणी मागणारी ती मुलगी आता दुसरीत आहे. दप्तर पाठीला लावून ती आमच्याशेजारी उभी होती. तिनं मान हलवली. "असं नाही, मॅडम," ती मराठीत म्हणाली आणि तो शब्द बरोबर म्हणून दाखवला. मी म्हटला. तिनं पुन्हा मान हलवली, माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "जीभ मागे घ्या."